फक्त बघायची किल्ली

दिवाकर गेल्याचा निरोप सकाळी साडेनऊला आला आणि त्याच दिवशी संध्याकाळी सहा वाजता त्याचा मेसेज आला. ‘गुरुजी, सारं बराबर आहे. फोन ठेवा.’ मी नुकताच त्याला पोचवून आलो होतो, अंघोळ करून ओसरीत बसलो होतो. फोन तसाच बायकोच्या हाती दिला. तिने वाचलं आणि पदर तोंडाला लावला. भुताखेताचं काही नव्हतं, आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तो मेसेज त्याच्या घरच्या कॉम्प्युटरने पाठवला होता, रोज सहाला पाठवायचा तसा. माणूस गेला हे त्या डब्याला कोण सांगणार...

मी चिचगडच्या शाळेतून निवृत्त होऊन मुर्रीला घर बांधलं तेव्हापासून दिवाकर समोर राहायचा. मध्ये एक बैलगाडी जाईल एवढाच रस्ता. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. एका राइस मिलमध्ये धर्मकाट्यावर बसायचा. धानाच्या गाड्या तोलायच्या, कॉम्प्युटरवर पावती काढायची, आणि गोदामाच्या किल्ल्या सांभाळायच्या. प्रोग्रॅमिंग तो कोणत्याही कॉलेजात शिकला नव्हता. काट्याचं मशीन बिघडलं की नागपूरचा माणूस चार-चार दिवस यायचा नाही, गाड्यांची रांग रस्त्यावर जायची, ड्रायव्हर शिव्या घालायचे. त्या शिव्यांना कंटाळून हा शिकला. मला त्याच्याशी काम असलं तर मी फोन करत नसे. फाटकापाशी उभं राहून आवाज द्यायचा, की हा हाताला भात लागलेला तसाच ‘आलो न बापा’ म्हणत बाहेर यायचा.

निवृत्तीनंतर मला क्रिप्टोचं खूळ लागलं, हे कबूल करतो. पोरांना चाळीस वर्षं ‘अति लोभ वाईट’ शिकवणारा मी, पण पुतण्याने एका एक्स्चेंजवर खातं उघडून दिलं आणि मी ग्रॅच्युइटीतला एक तुकडा त्यात टाकला. झालं. झोपेतून उठलो की फोन, जेवताना फोन. भाजीत मीठ आहे की नाही ते कळेना. शेवटी बायकोनेच फाटकापाशी जाऊन आवाज दिला, “दिवाकरभाऊ, यांचा फोन सोडवा. नाहीतर मी माहेरी जाते.” या वयात माहेरी कोण आहे, असं मी विचारलं, तर दोन दिवस बोलली नाही.

दिवाकरने तोड काढली. माझं खातं त्याचा प्रोग्रॅम दर संध्याकाळी एकदा पाहणार, काही इकडचं तिकडे झालं नसेल तर मला मेसेज करणार, आणि मी दिवसभर फोनला हात लावायचा नाही. पण प्रोग्रॅमला खात्यात डोकावायचं तर ‘एपीआय की’, म्हणजे त्याच्यापुरती वेगळी किल्ली, लागते. मला वाटलं, पासवर्ड मागतो आहे. माझा चेहरा पाहूनच तो समजला.

“गुरुजी, आमच्या गोदामाले तीन किल्ल्या आहेत,” तो म्हणाला. “एक जाळीच्या दाराची. तिच्यानं आत नुसतं पायता येते. दुसरी काट्याच्या खोलीची, तिच्यानं सौदा होते. तिसरी मोठ्या शटरची, माल बाहेर न्यायची. ते मालकाच्या कमरेले रायते, कोणालेच भेटत नाही. मी तुमाले पयली मांगून राहिलो. दुसरी नोको. आन तिसरी मांगली त मले फाटकातून हाकलून द्या.”

“आणि भाव पडला तर?”

“पडन त पडन. तुमी पाहून का करता?”

त्याने सांगितलं तसं केलं. एक्स्चेंजच्या पानावर तीन परवानग्या होत्या. फक्त बघायच्या परवानगीवर खूण ठेवली, खरेदी-विक्रीची आणि पैसे काढण्याची काढून टाकली. त्याच्या घरच्या इंटरनेटचा पत्ता टाकला, म्हणजे किल्ली दुसऱ्या कोणत्याही घरातून लागलीच नसती. मग पडद्यावर गुप्त अक्षरं उमटली. ती एकदाच दिसतात, पुन्हा नाही, असं त्याने बजावलं होतं. मी वही काढली आणि शिक्षकाच्या शिस्तीने, सुवाच्य अक्षरात, सगळी अक्षरं कॅपिटलमध्ये उतरवून घेतली. लहान-मोठ्या अक्षरांची सरमिसळ मला अजागळपणा वाटली! किल्ली लागेना. दिवाकर वही पाहून पोट धरून हसला. “गुरुजी, कुलुपाचंबी शुद्धलेखन सुधरवलं तुमी.”

दुसऱ्या वेळी शहाणपणा केला. पडद्याचा फोटो काढला आणि दिवाकरला पाठवायला गेलो तो आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर गेला. मी फुशारकीने त्याला ते सांगितलंही. अनवाणी धावत आला. “फोटू काऊन टाकला?” अरे, सगळे मास्तर आहेत, चोर कोण आहे त्यात, मी म्हणालो. “चोर नाही कोणी. पण चौकात टांगलेली किल्ली आपली नाही रायत.” आणि माझ्यासमोरच, माझ्याच बोटाने ती किल्ली त्याने मोडायला, म्हणजे खात्यातून कायमची रद्द करायला, लावली. मला राग आला. समोरच्या घरातला काट्यावरचा माणूस मला शिकवतो! तीन दिवस मी त्याच्याकडे पाहिलं नाही. चौथ्या दिवशी मीच आवाज दिला.

तिसरी किल्ली आम्ही त्याच्या घरी बनवली. मला त्याने स्वतःच्या खुर्चीवर बसवलं, गुप्त अक्षरं कुठे चिकटवायची ते दाखवलं, आणि उठून भिंतीकडे तोंड करून कॅलेंडर पाहत उभा राहिला. मी म्हटलं, “अरे, तुझ्याच कॉम्प्युटरमध्ये तर टाकतो आहे. तुला केव्हाही पाहता येईल.” भिंतीकडे पाहतच म्हणाला, “पायता येते गुरुजी. पण पायली नाही, हे मले मालूम पायजे.” एवढा स्वच्छ माणूस मी दुसरा पाहिला नाही. किल्लीला नाव त्यानेच सांगितलं, ‘दिवाकर फक्त बघते’. निघताना म्हणाला, “ज्याचं काम संपलं त्याची किल्ली त्याच दिवशी मोडाची. मुनीम सोडून गेला का मालक कुलूप बदलते, त्यात राग नसते. मी गेलो त माझीबी मोडा.” मी म्हटलं, मी आधी जाणार आहे, तू वाट पाहा.

दोन वर्षं रोज सहाला मेसेज आला. मी फोन ठेवायला शिकलो, जेवताना बायकोशी बोलू लागलो. मग एका सकाळी काट्यावर बसल्या बसल्या त्याच्या छातीत कळ आली... आणि किल्ली मी मोडली नाही. त्या दिवशी नाही, तेरवीला नाही, महिना झाला तरी नाही. मोडली की सहाचा मेसेज बंद. बायको रोज पावणेसहालाच ओसरीत येऊन बसे. नियम मोडतो आहोत हे कळत होतं, आणि माझ्याने होत नव्हतं.

मागच्या आठवड्यात त्याची बायको, शालूताई, फाटकापाशी आली. “गुरुजी, यांचा कॉम्प्युटर माझा भाऊ रविवारी नेऊन राहिला. भाचीले कामी पडन. तुमचं काई आहे का त्यात?” राहू द्या तो इथेच, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण ज्या माणसाने भिंतीकडे तोंड केलं, त्याच्या बायकोच्या तोंडावर मी एवढं स्वार्थी कसं बोलू? “नेऊ द्या,” म्हटलं, “माझं काही असेल ते मी काढतो.”

शनिवारी दुपारी खातं उघडलं. किल्लीसमोर लिहिलं होतं, शेवटचा वापर: काल. मोडण्यापूर्वी त्या पानाने खात्री म्हणून किल्लीचं नाव टाईप करायला लावलं. ‘दिवाकर फक्त बघते’. चष्म्यावर पाणी आलं, दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा किल्ली मोडली.

सहाला आम्ही उगीच ओसरीत बसलो, सवयीने. आणि फोन वाजला. या वेळेसाठीही त्याने मेसेज लिहून ठेवला असेल, हे माझ्या मनातही नव्हतं. ‘गुरुजी, किल्ली लागून नाही राहिली. तुमी मोडली असन त बेस केलं. तुमी नसन मोडली त आत्ताच पासवर्ड बदला आन मले आवाज द्या.’

बायकोने वाचून फोन खाली ठेवला. मी उठलो, फाटकापाशी गेलो, आणि समोरच्या घराकडे पाहून हळूच आवाज दिला. किल्ली मीच मोडली, एवढंच त्याला सांगायचं होतं.