काकांच्या घरातली पक्की मतं

दारावर निवडणुकीच्या प्रचाराला कोणी आलं की आमच्या वस्तीतले काका आधी चष्मा काढत, दोन्ही हात कमरेवर ठेवत आणि विचारत, "सांगा पाहू, मी कोणाचा?"

निळ्या पक्षाच्या प्रचारक बाईंच्या फोनमध्ये उत्तर तयारच असे. वय सत्तरच्या पुढे, भारतीय, शिकलेला, उपनगरात स्वतःचं घर. म्हणजे निळ्या पक्षाचा. लाल पक्षाच्या फोनमध्येही तेच लिहिलेलं, म्हणून त्यांची माणसं काकांचं घर वगळून पुढे जात. काकांना दोघांचाही सारखाच राग यायचा. "एकांना वाटतं मी त्यांच्या खिशात आहे, दुसऱ्यांच्या लेखी मी नाहीच!"

काका इथे, नोव्हाय या अमेरिकी गावात, मोटारींचे ब्रेक डिझाइन करून निवृत्त झालेले. गंमत अशी, की माणसांना असं ठरावीक खणांत टाकण्यात खुद्द त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. पहिल्याच भेटीत मला म्हणाले, "तुम्ही डॉक्टर, त्यात एवढं मोठं घर. टॅक्स कमी करणाऱ्यांना मत, बरोबर?" साफ चूक. "आणि नागपूरच्या, म्हणजे भाजीवर बोटभर तेल." हे मात्र बरोबर निघालं.

त्यांना हवा होता फक्त एक पदपथ, आमच्या वस्तीपासून देवळापर्यंत. सहा महिन्यांसाठी मुलांकडे आलेल्या आज्यांना गाडी चालवता येत नाही, मुलगा-सून कामावर. मग साडीखाली स्नीकर्स घालून त्या रस्त्याच्या कडेनं चालत निघतात आणि शेजारून ट्रक सुसाट जातात. एका मार्चमध्ये बर्फावरून घसरलेली गाडी एका आजींच्या हातभर अंतरावरून गेली. त्यानंतर काकांनी काउंटीला, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाला, पत्रं पाठवण्याचा सपाटा लावला. एकाचंही उत्तर आलं नाही. पाहुण्यांना मत नाही, आणि यजमानांचं मत कुठे जाणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक.

काउंटीची निवडणूक आली तशी काकांनी दोन्ही उमेदवारांना आमच्या मराठी मंडळाच्या हॉलवर बोलावलं. घरोघरी फोन केले. "तुम्ही कोणाचे असं विचारलं, तर हात वर करायचा नाही. गप्प बसायचं आणि साबुदाणा वडा खायचा."

"काका, आपल्या लोकांना गप्प बसणं जमेल?"

"एकच संध्याकाळ, यार!"

जमलं, तुम्हाला खोटं वाटेल. निळ्या पक्षाच्या उमेदवार बाई हसून म्हणाल्या, "इथे सगळे आमच्याच बाजूचे आहेत ना? हात वर करा बघू." एकही हात वर झाला नाही. लाल पक्षाचे गृहस्थ खुर्चीत सावरून बसले. बाईंनी मग काकांकडे पाहिलं. "निदान तुमच्या घरातली दोन मतं तरी पक्की?"

काकांनी तोंड उघडायच्या आत पहिल्या रांगेतून काकू उठल्या आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "त्यांचं त्यांना विचारा. मी गेली वीस वर्षं लाल पक्षाला मत देते. पण या वेळी जो पदपथ करेल, त्याला."

काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. ते मराठीत पुटपुटले, "अगं, मला कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

मग जो हशा उसळला! सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते ते काकाच. मला तर रडू फुटलं. पंचवीस वर्षं या गावात राहते, पण आपलं मत कोणाला तरी कमवावं लागणार आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. दोन्ही उमेदवारांनी वह्या काढल्या. निघण्याआधी दोघांकडून पदपथाचं लेखी आश्वासन काकांच्या हातात होतं. निवडून कोण आलं ते मी सांगणार नाही. काकांची तशी तंबीच आहे. पुढच्या उन्हाळ्यात काँक्रीट ओतलं गेलं.

ती गोष्ट काका स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायचे. शेवटी थोडे हळू होऊन म्हणायचे, "जगाशी भांडलो आणि घरात हिलाच गृहीत धरलं."

गुडघ्यांना थंडी सोसेना, म्हणून दोघं आता उबदार हवेच्या चँडलरला मुलाकडे राहायला गेलेत. परवा मी पदपथावरून चालले होते. समोरून दोन आज्या आल्या, नुकत्याच भारतातून आलेल्या, गप्पांत रंगलेल्या, पदपथाची सगळी रुंदी अडवून. त्यांना काकांचं नावही ठाऊक नाही. त्या काही बाजूला झाल्या नाहीत. मीच गवतात उतरले, आणि त्या पुढे जाईपर्यंत अभिमानानं तिथेच उभी राहिले.