इराची बढती

आपल्या मुलीला स्पेलिंगच्या वरच्या गटातून खाली आणा, अशी हात जोडून विनंती करणारी अमेरिकेतल्या ट्रॉयमधली पहिली मराठी आई मीच असेन.

इरा दुसरीत आहे. तिच्या वर्गात सगळ्यांना एकच शब्द नसतात. ज्याला जे झेपतं, ते त्याला. कुठला गट वरचा हे कळू नये म्हणून बाईंनी गटांना झाडांची नावं दिली होती. आम्हा देशी आयांच्या ग्रुपवर चहा निवायच्या आत उलगडा झाला: ओक वर, बर्च मध्ये, मेपल खाली. आणि इरा मेपलमध्ये! (माझा चहा तसाच राहिला.)

"अगं, मजेत आहे ती. एमा आहे सोबत, दोघी खिदळत शिकतात," नवरा म्हणाला.

"खिदळायला शाळेत पाठवतो का आपण?"

गट ठरवायला बाई अधूनमधून चाचणी घेत. मुलं कुठे चुकतात तेच बघायचंय, कृपया घरी तयारी करून घेऊ नका, असं त्यांनी बजावलं होतं. अभ्यास करू नका म्हणणारी परीक्षा मी पुण्यात कधी पाहिली नव्हती. मला वाटलं, शिष्टाचार म्हणून सांगत असतील. (पाहुणे 'चहा नको' म्हणतात, तसं.)

मी रीतसर तयारीला लागले. गेल्या वर्षी त्याच वर्गात असलेल्या मुलाच्या आईकडून जुने शब्द मिळवले. मग पोळ्या लाटताना, गाडीत, स्विमिंगच्या बाकावर घोकंपट्टी.

"मम्मा, धिस इज सो बोरिंग."

"बोरिंग म्हणजेच अभ्यास, बेटा."

बाईंनी नेमके तेच शब्द विचारले. इराचं सगळं बरोबर आलं आणि बर्चला टांग मारून ती थेट ओकमध्ये पोचली. मी पुण्याला फोन केला, पेढे केले, पॉटलकला (जिथे प्रत्येकीने एकेक पदार्थ न्यायचा) सहज बोलता बोलता चौघींना सांगितलं.

सोमवारी ओकचे शब्द घरी आले. त्यातला एक मी बाथरूममध्ये जाऊन फोनवर बघून आले.

इरा जेवताना रडायला लागली. "आय डोन्ट नो एनी ऑफ दीज. अँड एमा लाफ्स विथ समवन एल्स नाउ."

मी शब्दांचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत. "तिला प्लीज खाली घ्या."

बाई म्हणाल्या, "पण चाचणीत तिची एकही चूक नव्हती. काय शिकवायचं तेच मला कळेना."

मग मी जुन्या शब्दांचं सगळं सांगून टाकलं. बाईंनी शांतपणे नवे शब्द काढले. इरा मनसोक्त चुकली आणि धावत जाऊन एमाला चिकटली. दोघी लगेच खिदळायला लागल्या. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

त्या भरात मी म्हटलं, "मी वर्गात मदतीला येऊ का? स्पेलिंग घ्यायला?"

बाई 'या' म्हणाल्या. त्या इथे प्रत्येकाला झेपेल तेच देतात. मला त्यांनी पेन्सिलींना टोक काढायला बसवलं.

महिनाभर इमानेइतबारे टोकं काढली. मग राहवेना. हळूच जाऊन विचारलं, "याच्या वरची लेव्हल कुठली?"