रिकाम्या नदीतली गोळी

मंडळी, तुमच्या या आजीच्या जिभेने आज जावयाला गोत्यात आणलं.

सुहासकडे लायसन्सची रायफल आहे. डबे मांडून नेम धरायचा त्याला छंद. आज तो इथे न्यूझीलंडमध्ये, आमच्या हॉर्नबी गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याकडे, त्याच्या रानात नेमबाजी करू का, असं विचारायला निघाला. इथे तशीच रीत आहे. मी गाडीत म्हटलं, "जावईबापू, भीक मागायला निघालात? एवढं नदीचं कोरडं पात्र रिकामं पडलंय!"

"आई, तिथे माणसं फिरायला येतात."

"घाबरट!"

बिचाऱ्याने गाडी वळवली. पहिलीच गोळी दगडावर आपटून उडाली आणि झुडपांमागून एक बाई लेकराला कवटाळून ओरडत बाहेर आली. लागलं कुणालाच नाही, पण तिने पोलिस बोलावले. ते रायफल घेऊन गेले. लायसन्स राहतंय की जातंय, देव जाणे. सुहासने सगळं स्वतःवर घेतलं, माझं नावही काढलं नाही.

दुपारपासून लेक त्याच्यावर तोंडसुख घेतेय आणि तो ऐकून घेतोय. मला अक्षरओळख नाही, म्हणून ही पोस्ट लिहायला मुद्दाम तिलाच बसवलंय. आत्ता तिची बोटं थांबलीत.

"आई, हे खरं?"

खरं गं बाई. लिही पुढे. मंडळी, सासूने जावयाची माफी कोणत्या तोंडाने मागायची?