जुराची पिवळी वाईन

मंडळी, आज माझा मुलगा त्याच्या बाबांनी जपलेली बाटली सिंकमध्ये ओतायला निघाला होता. "आई, इट्स गॉन बॅड. अक्रोडासारखा वास येतोय."

अरे शहाण्या, तोच तर तिचा गुण. फ्रान्समधल्या जुरा डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या ही वाईन अशीच करतात. पिंपात ती आटली तरी वरून भरत नाहीत. तिच्यावर यीस्टची साय धरते आणि सहा वर्षांहून जास्त ती तशीच मुरते. आम्ही दोघांनी तिथे जाऊन चाखली होती.

ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. आज त्यांचा वाढदिवस होता, म्हणून उघडली.

मी बाटली हिसकावली. "मग तूच पी," म्हणून मुलगा मॉलला गेला.

उघडल्यावरही ती महिनाभर टिकते. इथे दुबईत लागतो तो दारूचा परवाना आहे, घाबरू नका. अल कुसैसमध्ये कोणी नाक न मुरडता माझ्यासोबत एक ग्लास घेईल का?