उशीखालचा कांदा
कुणी बुक्कीनं कांदा फोडला की त्या वासासरशी मला शुक्रवार पेठेतली, चौऱ्याहत्तर सालची भाड्याची खोली आठवते. कॉलेजसाठी वैरागहून सोलापुरात येऊन आठच दिवस झाले होते. मला फिट यायची, हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. गोळी मी न्हाणीत लपून गिळायचो आणि आईनं दिलेला कांदा उशीखाली ठेवायचो. फिट आली तर तो फोडून नाकाशी धरायला कुणाला तरी सांगून ठेव, असं तिनं बजावलं होतं. मी सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी परतलो, तर खोलीतला सांगोल्याकडचा जोडीदार भाकरीबरोबर तोच कांदा खात बसलेला. माझे हातपाय कापायला लागले. ही भीती आहे की फिट येतेय, तेच कळेना. "आरं, एका कांद्यापायी एवढा कापतूस व्हय?" तो हसला. मग सगळं सांगावंच लागलं. त्याचा घास हातातच राहिला. पायात चपला सरकवून तो बाहेर पडला. आता हा घरमालकाला सांगणार, उद्या माझी वळकटी रस्त्यावर आणि कॉलेज संपलं, म्हणून मी भिंतीला टेकून नुसता दाराकडं बघत बसलो. तो आला तेव्हा हातात दोन कांदे होते. एक त्यानं माझ्या उशीखाली ठेवला, दुसरा स्वतःच्या. "तुजा न्हाय घावला तर माजा हाय की," म्हणाला, "आन् गोळी हितं, माज्याम्होरं घेत जा." कांद्यानं फिट थांबत नसते, हे पुढं डॉक्टरांनी मला सांगितलं. त्याला मात्र मी ते कधीच सांगितलं नाही.