पांढऱ्या सदऱ्यावरचा चिखल

मुलांनो, तुम्ही पाठवलेला फोटो मी चष्मा पुसून दोनदा पाहिला. तिथल्या हॉलमध्ये तुम्ही रांगेत उभे आहात, हातात कागदी झेंडे आहेत, मागे टेबलावर सामोसे मांडलेले दिसतात. खाली तुम्ही विचारलंय, "आजी, तुमच्या गावात पंधरा ऑगस्ट कसा असायचा?" तुमच्या आईला दोन ओळींचं गोड उत्तर हवं असणार. ते मला जमलं नाही. जे आहे ते लिहिते आहे. तिने वाचून दाखवलं तर ठीक, नाहीतर मोठे झाल्यावर तुमचं तुम्ही वाचा.

मी नागपूरची. इंग्रजी घेऊन एम.ए. झाले आणि लग्न करून पवनी तालुक्यातल्या एका मोठ्या गावात आले. तुमचे आजोबा तिथल्या सरकारी दवाखान्यात होते. गावात खाजगी संस्थेची माध्यमिक शाळा होती. तिथे मला इंग्रजी शिकवायला घेतलं. संस्थेचे अध्यक्ष गावातले सर्वांत मोठे जमीनदार. गाव त्यांना मालक म्हणायचं. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, पहिली शेतं त्यांची, आणि त्यांच्या शेतांतून उतरलेलं पाणी मग खालच्या लहान शेतकऱ्यांना मिळायचं. हे पाणी लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तुमच्याकडे पंधरा ऑगस्ट म्हणजे हॉलमधला कार्यक्रम. आमच्याकडे तो रोवणीच्या मोसमातला एक दिवस असायचा. भाताचं रोप, ज्याला तिकडे पऱ्हे म्हणतात, ते उपटून चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, पुन्हा लावायचं, ती रोवणी. पाऊस लांबला की रोवणी लांबते आणि नेमकी झेंडावंदनावर येऊन पडते. बाया सकाळपासून कमरेत वाकलेल्या. शाळेतल्या अर्ध्या मुली त्यांच्या रांगेत. हजेरी घेताना मी नाव पुकारायचे आणि बाकी मुली एका सुरात सांगायच्या, "रोवणीले गेली, बाई."

ज्या वर्षी आणीबाणी उठली, त्या वर्षीची ही गोष्ट. सगळीकडे दुसऱ्या स्वातंत्र्याची भाषा चालू होती. आदल्या वर्षी आमच्या अध्यक्षांनी झेंड्याखाली उभं राहून शिस्तीचे गोडवे गायले होते. या वर्षी ते नव्या स्वातंत्र्यावर बोलणार होते. तालुक्याहून एक मोठे साहेब पाहुणे म्हणून येणार होते. मी हेडमास्तरांना म्हटलं, एखाद्या मुलीने इंग्रजीत भाषण करावं. त्यांना ती कल्पना पाहुण्यांसमोर मिरवायला बरी वाटली असावी. त्यांनी होकार दिला.

मुलगी माझ्या दहावीतली होती. त्यांच्या घरची थोडीशी जमीन मालकांच्या बांध्यांच्या खालच्या अंगाला होती. आई रोवणीच्या टोळीत पुढे चालणारी, मोठ्या आवाजाची, गाणी तोंडपाठ असलेली बाई. त्या घरातून कोणी दहावीपर्यंत पोचलं नव्हतं. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा द्यायची आणि नर्सिंगला किंवा डी.एड.ला जायचं, एवढं त्या मुलीचं ठरलेलं होतं. सगळं त्या एका वर्षावर उभं होतं, हे तिला आणि मला दोघींनाही माहीत होतं.

भाषण तिने आधी मराठीत लिहिलं. मग आम्ही दोघींनी बसून ते इंग्रजीत उतरवलं. त्यात एक भाग तिचा स्वतःचा होता, मी हातही लावला नाही. तो असा: माझी आई आजवर खुर्चीवर बसलेली नाही. दवाखान्यात गेली तरी जमिनीवर बसते. मी नोकरीला लागले की आमच्या अंगणात दोन खुर्च्या आणीन, आणि एका खुर्चीवर आईला बसवून समोरच्या खुर्चीवर मी बसेन. माझ्यासाठी स्वातंत्र्य म्हणजे ते.

तेरा तारखेला मुलगी तोंड पाडून आली.

"बाई, मले येता नाही येत."

"काहून?" तोपर्यंत तो शब्द माझ्याही तोंडात बसला होता.

"मालकाची एक बांधी राहिली हाये. पंधरा तारखेले बोलावलं साऱ्याईले. माय म्हणते, आपण नाही गेलो तं आपल्या बांधीत पाणी सोडणार नाही थो."

म्हणजे झेंड्याखाली भाषण करणारे अध्यक्ष त्याच सकाळी माझ्या विद्यार्थिनीला आपल्या शेतात वाकवून ठेवणार होते. मी संध्याकाळी तिच्या घरी गेले. तिची आई चुलीपुढे बसली होती. मी काही बोलायच्या आत तिने हात झटकला.

"बाई, तुम्ही नोका घाबरू. आमी बाया बोललो आपसात. फटफटायच्या आधी उतरतो बांधीत. पोट्टीच्या भाषणाच्या टायमाले रोवणी खलास. मीच आणून सोडतो तिले शाळेत."

"आणि मालकांनी आणखी काम काढलं तर?"

"कोठून काढते? शेवटची बांधी हाये. मंग तं बोजारा!"

बोजारा काय ते सांगते. रोवणी संपली की शेतमालक बायांना खाऊपिऊ घालतो, काहीतरी देतो. ते मागायची पद्धतही ठरलेली आहे. बाया हातात चिखल आणि पऱ्ह्यांची जुडी घेऊन मालकाला गाठतात, त्याला चिखल लावतात आणि बोजारा दिल्याशिवाय सोडत नाहीत. रस्त्याने जाणारायेणाराही सुटत नाही. त्या दिवशी मालकाने रागवायचं नसतं. वर्षभर ज्याच्यापुढे मान वर होत नाही, त्याच्या गालाला त्या दिवशी चिखल लावता येतो. तलावाकाठच्या गावांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं होतं, आणि आमचे अध्यक्ष दरवर्षी शेतात उभे राहून हसत हसत चिखल लावून घ्यायचे.

पंधरा ऑगस्टला पाऊस नव्हता. झेंडा वर गेला, फुलं पडली, राष्ट्रगीत झालं. मंचावर पाहुणे, अध्यक्ष आणि हेडमास्तर असे खुर्च्यांवर बसले. अध्यक्षांचा खादीचा सदरा इतका पांढरा होता की डोळे दिपावेत. ते उठले आणि दुसऱ्या स्वातंत्र्यावर बोलू लागले. बोलणं लांबत गेलं. माझे डोळे फाटकाकडे.

आधी गाणं ऐकू आलं, मग बाया दिसल्या. सगळी टोळीच आली होती. पोटऱ्यांपर्यंत चिखल, लुगडी खोचलेली, हातात हिरव्यागार जुड्या. मध्ये माझी विद्यार्थिनी, पिशवीत शाळेचे कपडे घेऊन. तिने मला लांबूनच हात केला आणि हातपंपाकडे धावली. बाया मात्र थांबल्या नाहीत. रोवणी संपली होती आणि मालक समोर उभा होता. दरवर्षी तो शेतात असायचा, या वर्षी मंचावर होता. त्यांच्या लेखी फरक एवढाच. मुलीची आई मंचाची पायरी चढली आणि मोठ्याने म्हणाली, "मालक, खलास झाली तुमची बांधी! टाका आता आमचा बोजारा!" आणि तिने मूठभर चिखल त्या पांढऱ्या सदऱ्याच्या छातीवर लावला.

मुलं टाळ्या वाजवून हसली. पाहुणे साहेबही हसले आणि त्यांनी विचारलं, "ही काय पद्धत आहे?" अध्यक्ष हसतच म्हणाले, "आमच्या भागातली गंमत आहे साहेब. अडाणी लोक आहेत." मग बायांकडे वळून म्हणाले, "चला, घरी चला, देतो." त्यांचे ओठ हसत होते. मानेवरची शीर फुगलेली मी पाहिली.

हेडमास्तरांनी घाईघाईने आभार मानले आणि कार्यक्रम संपल्याचं जाहीर केलं. मी उठून उभी राहिले, म्हटलं, अजून एक भाषण आहे. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "वेळ संपली, बाई." तेवढ्यात ती हातपंपाकडून आली. निळा स्कर्ट, पांढरा ब्लाउज, ओले केस घट्ट बांधलेले, नखांत अजून चिखल. मुलांना लाडू वाटणं सुरू झालं होतं. तिच्या हातातही कोणीतरी एक लाडू ठेवला.

पुढच्या सोमवारी तिला वर्गात बसू दिलं नाही. हेडमास्तर म्हणाले, ध्वजाचा अपमान झाला आहे, संस्थेने गंभीर दखल घेतली आहे. मी म्हटलं, झेंडा वर काठीला होता, चिखल खाली सदऱ्याला लागला. झेंड्यावर एक शिंतोडा नाही. ते म्हणाले, "हे मला सांगून काय उपयोग?"

मी अध्यक्षांकडे गेले. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला. माझ्याशी ते शुद्ध मराठीत बोलायचे.

"मला वैयक्तिक काही नाही हो. दरवर्षी लावतातच चिखल. पण झेंड्याचा मान राहिला पाहिजे."

"मुलीने काय केलं? ती तर पंपावर पाय धूत होती."

"मग सोपं आहे. तिच्या आईने झेंड्याच्या काठीपाशी, सगळ्या शाळेसमोर माफी मागावी. दुसऱ्या दिवसापासून मुलगी वर्गात."

मी तो निरोप जसाच्या तसा पोचवला. तिच्या आईने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "बोजारा मागतला मी, चोरी नाही केली. दरसाल थोच गाल पुढे करते. औंदा का झालं त्याले?" आणि लगेच मुलीकडे बघून तिचा आवाज उतरला. "पर तुयी शाळा जाते तं मागतो मी माफी. माहं का जाते?"

मुलगी दारात उभी होती. म्हणाली, "तू माफी मागशील तं मी त्या शाळेत पाय ठेवणार नाही, माय."

मी संस्थेच्या कार्यकारिणीला अर्ज दिला. तो अध्यक्षांच्याच टेबलावर परत आला. बाहेरून परीक्षेला बसवायचं म्हणून मी तिला घरी शिकवायला घेतलं. दिवाळीपर्यंत ती आली. त्या साली त्यांच्या बांधीला पाणी उशिरा सुटलं, लोंब्या पोचट राहिल्या. धान कापणीला आल्यावर ती यायची थांबली, आणि उन्हाळ्यात कोंढा गावाकडच्या एका घरात तिचं लग्न लावून दिलं. मांडवात मी अक्षता टाकल्या. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतरही मी त्याच शाळेत राहिले आणि दरवर्षी झेंड्यासमोर उभी राहिले. राष्ट्रगीत लागलं की आजही मी घरात एकटी असले तरी उठून उभी राहते. त्या झेंड्यावर माझा राग कधीच नव्हता. पण भाषण सुरू झालं की मला ऐकू येईनासं व्हायचं. स्वातंत्र्य या शब्दाने सुरू होणारं प्रत्येक वाक्य मला त्या सदऱ्याइतकं स्वच्छ वाटायचं, आणि तितकंच परकं. तुम्ही अर्थ विचारता म्हणून लिहिते. ज्या गावात पाणी सोडणं एका माणसाच्या मर्जीवर होतं, तिथे वर्षातून एक दिवस त्याच्या गालाला चिखल लावण्याचं स्वातंत्र्य बायांना होतं. झेंड्याखाली तेही काढून घेतलं गेलं, आणि वर झेंड्याचंच कारण सांगितलं.

आणखी एक प्रसंग सांगते. पुढच्या दशकातला, माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांतला. चौदा ऑगस्टचा दिवस. दुसऱ्या दिवशीच्या पाहुण्यांसाठी पेढे आणायचं काम माझ्याकडे होतं. पवनीहून पेढ्यांचा डबा घेऊन मी अड्याळकडच्या बसने परत निघाले. कोंढ्याच्या जरा अलीकडे बस पंक्चर झाली आणि आम्ही सगळे खाली उतरलो. शेजारच्या बांधीतून बाया चढून आल्या, हातात चिखल, तोंडात गाणं.

"बाई! सोडत नसतो आज तुमाले!"

आवाज थेट तिच्या आईचा, पण चेहरा माझ्या त्या दहावीतल्या मुलीचा. अंगाने वाळलेली, कपाळ उन्हाने काळं पडलेलं. तिने माझ्या पायांना चिखल लावला, मग धीर करून गालालाही एक बोट लावलं, आणि बाकीच्या बाया खदखदून हसल्या.

"मास्तरीण होय माही," ती त्यांना सांगत होती. "इंग्रजी शिकवे मले."

मी विचारलं, "ते भाषण आठवतं का गं?"

"कोनतं वो बाई?"

"पंधरा ऑगस्टचं. त्यातल्या खुर्च्या?"

तिने खरोखर आठवून पाहिलं. मला ते दिसत होतं. मग हसली. "कोनत्या खुर्च्या, बाई? नाही येत आता ध्यानात."

मला ते भाषण अजून पहिल्या शब्दापासून पाठ आहे.

"पोरगी शाळेत जाते का तुझी?"

"जाते ना. आज नाही गेली. धाकट्याले सांभाळून राहिली घरी."

"उद्या तरी पाठव. झेंडावंदन आहे."

"उद्या दुसऱ्याची रोवणी हाये, बाई," ती म्हणाली. मग हात पुढे करून ठसक्यात, "ते जाऊ द्या. आमचा बोजारा?"

मी पेढ्यांचा डबा उघडला नाही. तसाच्या तसा तिच्या चिखलाच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदनानंतर मंचावरच्या बशांत नुसती बिस्किटं होती. अध्यक्ष तेच होते, सदरा तितकाच पांढरा होता. त्यांनी बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पेढे नाही आणले, बाई?"

"आणले होते. वाटेत बोजाऱ्याला गेले."

ते हसले. कोणाचा बोजारा, ते त्यांनी विचारलं नाही.