दुसऱ्यांदा रस्सा
हॉटेलाची लायकी दुसऱ्यांदा मागितलेल्या रस्स्यावर ठरते, यावर माझ्या साडूंची जेवढी श्रद्धा आहे तेवढी कुणाची देवावरही नसेल. पहिला रस्सा काय, कुणीही देतो. दुसरा देताना आचाऱ्याचं मन दिसतं, असं त्यांचं म्हणणं. आम्हा नाशिककरांचा रविवार मिसळीवाचून उजाडत नाही, आणि साडूंचा तर वाटी उंचावून "अहो, जरा रस्सा फिरवा की इकडं!" असं ओरडल्यावाचून उजाडत नाही. मिसळ गल्लीत होती तोवर हे खपून गेलं. पुढे ती गावाबाहेरच्या मळ्यात गेली. तिथे झोपाळे आले, फोटोसाठी बैलगाडी आली, एके ठिकाणी तर उंट आला. पाऊण तास नंबर लावून आत गेल्यावर साडू उंटाकडे रागाने बघत बसले. वेटरने न कुरकुरता रस्स्याची बादली आणली, तेव्हा कुठे त्यांनी उंटाला माफ केलं. द्राक्षमळ्यातल्या एका बड्या हॉटेलात तर त्यांनी सूप दुसऱ्यांदा मागितलं. टाय लावलेला मुलगा अदबीने म्हणाला, "सर, अजून एक ऑर्डर करू?" "ऑर्डर कशाला? वाढ की!" साडू म्हणाले. त्या दिवसापासून माझी बायको त्यांच्याबरोबर हॉटेलात आली तरी शेजारच्या टेबलावर बसते.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलाने अंबडच्या कारखान्यातली नोकरी सोडून थेट अंदमानातल्या एका बेटावर हॉटेल काढलं. साडू वर्षभर त्याच्याशी धड बोलले नाहीत. मग एकदा फोनवर त्यांनी एवढंच विचारलं, "गिऱ्हाईक दुसऱ्यांदा रस्सा मागतं का रे?"

"इथं तशी पद्धत नाही, पप्पा."

"मग बंद कर दुकान."

तरी गेल्या हिवाळ्यात आम्ही दोन्ही जोडपी तिथे गेलो. समुद्र निळा होता आणि किनाऱ्यावर पिझ्झा, पावभाजी आणि 'जैन थाळी मिळेल'च्या पाट्या होत्या. मासे बघायला हजारो मैल आलेली माणसं पनीर खात होती. मुलाच्या हॉटेलात करवंटीतून मिसळ आली. शेवेऐवजी भाजलेलं खोबरं, वर एक जांभळं फूल, आणि रस्सा मोजून तीन चमचे! मी डोळे मिटून आरोळीची वाट पाहू लागलो. साडूंनी फूल बाजूला ठेवलं, शेवटच्या पावाने करवंटी लख्ख पुसली, "चांगलं आहे" म्हणाले आणि हात धुवायला उठले. मुलगा स्वयंपाकघराच्या दारात फडकं घेऊन उभा होता.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर सोडायला आला तेव्हा त्याने मला बाजूला घेतलं. "काका, पप्पांना नाही ना आवडलं? पातेलंभर रस्सा जादा करून ठेवला होता मी. त्यांनी मागितलाच नाही."

बोटीत बसल्यावर मी साडूंना विचारलं, तर ते माझ्यावरच उखडले. "अहो, आजूबाजूला एवढे पाहुणे! त्यांच्यासमोर बापानं वाटी घेऊन ओरडायचं? पोराची इज्जत आहे इथं."

"त्याला वाटतंय, तुम्हाला आवडलं नाही."

साडू ताडकन उठले. मग गुडघेदुखी विसरून, चढणाऱ्या माणसांना बाजूला सारत, फळीवरून खाली उतरले. मुलगा पाठ फिरवून निघाला होता. अख्ख्या धक्क्याने ऐकावं अशा आवाजात साडू ओरडले, "अरे ए! रस्सा आहे का शिल्लक?"

मुलगा वळला. त्याने मानेनेच 'हो' म्हटलं. दोघे रस्त्याला लागले तेव्हा बोटीने भोंगा दिला. माझी मेव्हणी शिंपल्यांच्या पिशव्या सांभाळत "हे कुठं निघाले आता?" असं विचारत होती. मला भरून आलं होतं. पण खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला. मिसळ मलाही फार आवडली होती, आणि नेहमीसारखी मला मागायची लाज वाटली होती.